चाक केवढे, तसा कॅम

गोवंडीच्या आमच्या शाळेत दहावीच्या वर्गात स्पर्शवर्तुळांचे प्रमेय चालू होते. एकमेकांना बाहेरून स्पर्श करणाऱ्या दोन वर्तुळांच्या केंद्रांमधले अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतके असते. प्रमेय फळ्यावर लिहून झाले, मुलांनी वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र दप्तरातून काहीतरी काढून शेजाऱ्याला दाखवत होता. तो शाळा सुटल्यावर मामाच्या गॅरेजात जातो, हे मला माहीत होते. जवळ जाऊन पाहिले तर हातभर लांबीचा, तेलकट लोखंडी दांडा. दांड्यावर अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे. पद्मिनी टॅक्सीचा कॅमशाफ्ट. दुसऱ्या हातात कुठल्याशा स्कूटरचा रॉकर, आणि त्याच्या टोकाला बोराच्या बीएवढे एक चाक.

"सर, पद्मिनीत हे चाक नसतं. टॅपेटचा तळ सपाट असतो, तो कॅमवर घासत राहतो. त्याच्या खाली चाक बसवलं तर गाडी जास्त पळेल ना?"

मी लगेच उत्तर दिले. "पळेल की! घासण्यापेक्षा गडगडणं सोपं. घर्षण कमी झालं की ताकद वाचणारच." सातवीपासून आपण मुलांना हेच शिकवतो. मुलाचे समाधान झाले, माझेही झाले. पण घरी आल्यावर एक शंका डोकावली. चाक लावणे एवढे फायद्याचे होते, तर कुर्ल्याच्या कारखान्यात इतकी वर्षे ते कोणी का लावले नाही? ती माणसे काही अडाणी नव्हती.

या शंकेचा माग काढताना माझे उत्तर चुकीचे निघाले. ते कसे चुकले, हे सांगण्यासाठी हा लेख. त्यात थोडा इतिहास आहे, आणि फळ्यावर लिहिलेले ते प्रमेयही आहे.

कॅमचे काम काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला निदान दोन झडपा असतात. एकीतून हवा-इंधन आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. दट्ट्याच्या दर चार फेऱ्यांत, म्हणजे क्रँकच्या दर दोन आवर्तनांत, प्रत्येक झडप एकदा उघडायची आणि एकदा मिटायची. ती मिटते स्प्रिंगमुळे आणि उघडते कॅममुळे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरचा उंचवटा खाली आला की झडप बंद, वर आला की झडप उघडी. उंचवट्यावर टेकून वरखाली होणारा भाग म्हणजे टॅपेट. पद्मिनीसारख्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ठोकळ्यात असतो. टॅपेटवर लांब सळई उभी असते, तिला पुशरॉड म्हणतात. पुशरॉड वरच्या रॉकरला ढकलतो आणि रॉकर झडपेला दाबतो.

कॅम फक्त इंजिनातच असतो असे नाही. गोवंडीच्या गल्ल्यांतून शिवणाची आणि जरीची कामे घरोघर चालतात. शिवणयंत्राच्या डाव्या टोकाचा पत्रा काढून पाहा. धागा वरखाली करणारा दांडा एका फिरत्या नळकांड्यावरच्या वाकड्या खोबणीत अडकलेला दिसेल, आणि खोबणीत फिरणारे त्याचे टोक म्हणजे एक लहानसा रोलरच असतो. तोही कॅमच. फिरण्यातून हवे तसे वरखाली होणे मिळवायचे, ही त्यातली युक्ती. अल-जझारी या यंत्रकाराने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथातल्या यंत्रांतही ती वापरलेली आढळते.

कॅमच्या आकाराचे भाग ओळखून ठेवू. कॅमचा गोल भाग म्हणजे पाया-वर्तुळ. त्यावर टॅपेट असते तोवर झडप बंद. वरचे टोक म्हणजे नाक. पाया आणि नाक यांना जोडणाऱ्या दोन बाजू म्हणजे बगला. बगल कधी फुगीर असते, कधी सरळ, तर कधी आत दबलेली. पुढची सगळी गोष्ट बगलेच्या या तीन प्रकारांभोवती फिरते.

सुटा भाग नव्हे, जोडी

१८७५ साली फ्रान्त्स रुलो या जर्मन अभियंत्याने यंत्रांच्या गतिशास्त्रावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, निकोलाउस ओटो यांचे फोर-स्ट्रोक इंजिन तयार झाले. रुलो यांचे मुख्य म्हणणे असे की यंत्र सुट्या भागांचे बनत नाही, ते जोड्यांचे बनते. स्क्रू एकटा निरर्थक, त्याला नट हवा. दांड्याला बेअरिंग हवे. एका भागाचा आकार दुसऱ्याच्या आकारावर ठरतो. म्हणून अभ्यास करायचा तो जोडीचा.

हे वाचताना सोपे वाटते, पण कॅमच्या बाबतीत आपण ते नेमके विसरतो. कॅम हातात घेतला की त्याचा आकार डोळ्यांना दिसतो, आणि वाटते की झडप कशी हलणार हे या आकारावरूनच ठरले. प्रत्यक्षात त्यावर काय टेकणार आहे, हे कळल्याशिवाय काहीच ठरत नाही. एकाच कॅमवर सपाट टॅपेट ठेवा, लहान चाक ठेवा, मोठे चाक ठेवा. झडपेची हालचाल तिन्ही वेळा वेगळी होईल.

कुर्ल्याची सपाट टॅपेट

गोवंडीहून हार्बर लाइनने चेंबूर, टिळकनगर मागे टाकले की कुर्ला येते. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणी होत असे. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. १९६४ मध्ये तिचे नाव डिलाइट झाले, १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख हीच गाडी बनली.

तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. चार सिलिंडर, आठ झडपा, ठोकळ्यातला कॅमशाफ्ट आणि सपाट तळाची टॅपेट. सपाट टॅपेटचे गुण पुष्कळ. त्यात हलणारा सुटा भाग नाही, पिन नाही, सुईसारखी बेअरिंगे नाहीत. ते साध्या गोल भोकात बसते आणि चालताना स्वतःभोवती हळूहळू फिरते, त्यामुळे तळ सगळीकडून सारखा झिजतो. तळ खराब झाला तर कोपऱ्यावरचा कारागीरही तो घासून देऊ शकतो. दिवसभर गर्दीत रखडणाऱ्या आणि रात्री पुन्हा दुसऱ्या चालकाच्या हाती जाणाऱ्या टॅक्सीला हेच परवडणारे होते.

सपाट टॅपेटला एक मर्यादाही आहे, आणि ती वर्गात एका ओळीत सिद्ध करता येते. कॅम फिरताना टॅपेटला ज्या बिंदूत स्पर्श करतो, तो बिंदू मध्यरेषेपासून किती बाजूला आहे ते अंतर मोजा. त्या जागी कॅमचा वर जाण्याचा वेग म्हणजे हे आडवे अंतर गुणिले कॅमचा कोनीय वेग. टॅपेट कॅमला चिकटलेले आहे, म्हणून त्याचाही वर जाण्याचा वेग तोच. म्हणजे झडप जितकी वेगाने उचलायची, तितका स्पर्शबिंदू कडेकडे सरकणार. टॅपेटचा व्यास २२ मिमी असेल, तर स्पर्शबिंदू मध्यापासून ११ मिमीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. गेला तर टॅपेटची कड कॅमला खरवडेल. थोडक्यात, सपाट टॅपेटची रुंदी हीच झडपेच्या वेगाची मर्यादा.

शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्यांना ही मर्यादा नेहमीच जाचली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर कित्येक वर्षे मोटार-शर्यती होत. आपल्या रस्त्यांवरच्या फियाटही तिथे पळत. इंजिनात अधिक हवा भरायची तर झडप लवकर आणि झपाट्याने उघडायला हवी. सपाट टॅपेटवर तो झपाटा एका ठरावीक वेगापुढे जात नाही.

कुर्ल्याचेच दुसरे इंजिन

याच कुर्ल्यात मध्य रेल्वेची डिझेल लोको शेड आहे. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या नमुन्याची डिझेल इंजिने १९६४ पासून वाराणसीला तयार होऊ लागली. त्यांतल्या डब्ल्यूडीएम-२ या प्रसिद्ध इंजिनाला सोळा सिलिंडर, ताकद २६०० अश्वशक्ती आणि कमाल फेरे मिनिटाला फक्त १०००. पद्मिनीच्या मानाने हे अगदी संथ. तरीही याच्या कॅमवर सपाट टॅपेट नाही, चाक आहे.

संथ इंजिनाला चाक कशासाठी? कारण इथे प्रश्न वेगाचा नाही, भाराचा आहे. झडपा मोठ्या, स्प्रिंगा दणकट. शिवाय याच कॅमशाफ्टवरचा आणखी एक उंचवटा इंधनपंपाला दाबतो. डिझेल फवारायला प्रचंड दाब लागतो आणि तो सगळा भार कॅमवर येतो. इतक्या भाराखाली सपाट तळ घासत राहिला तर तेलाचा थर फाटून धातू धातूला भिडेल. चाक गडगडते, म्हणून टिकते. डाकोटा विमानांच्या तारकाकृती इंजिनांतही याच कारणाने चाकाची टॅपेट होती.

म्हणजे दोन्ही उपाय जगाला आधीपासून ठाऊक होते आणि एकाच उपनगरात नांदत होते. कुठला निवडायचा, हे काय उचलायचे आहे, किती वेगाने आणि कोणाच्या खिशातून, यावर ठरत होते.

पुठ्ठ्याचा कॅम, दोन चाके

आता मुख्य प्रश्न. चाक लावायचे ठरले, तर ते केवढे? त्याने कॅमच्या आकारात काय बदलते? हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. आम्ही केले ते असे.

जाड पुठ्ठ्यावर ६० मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याच्या केंद्रापासून ६७ मिमीवर दुसरे केंद्र घेऊन ३० मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. दोन्हींना दोन्ही बाजूंनी सामाईक स्पर्शिका काढा आणि कडेने कापा. हा सरळ बगलेचा कॅम झाला, खऱ्या कॅमच्या सुमारे चौपट मोठा. आता ३२ मिमी आणि ४४ मिमी त्रिज्येच्या दोन चकत्या कापा, त्यांच्या मध्याला टोचा मारा. फळीवर एक उभी रेषा ओढा आणि तिच्या खालच्या टोकाशी कॅमचे मोठे केंद्र टाचणीने पक्के करा. चकतीचे केंद्र नेहमी त्या रेषेवरच राहील असे पाहा.

कॅम असा ठेवा की बगल जिथून सुरू होते तो बिंदू बरोबर उभ्या रेषेवर येईल. इथून कॅम २५ अंश फिरवा आणि चकती किती वर गेली ते मोजा. मुलांना आधी अंदाज विचारा. आमच्या वर्गात जवळपास सगळे म्हणाले, "सारखीच. कॅम तोच आहे ना!" मोजल्यावर लहान चकती सुमारे साडेनऊ मिमी वर गेलेली, मोठी जवळजवळ पावणेअकरा.

कारण त्या प्रमेयाच्या शेजारीच आहे. बगल कॅमच्या केंद्रापासून ६० मिमीवर आहे. चकतीचे केंद्र बगलेपासून आणखी एका त्रिज्येइतके दूर. म्हणजे लहान चकतीचे केंद्र ९२ मिमी अंतरावरच्या समांतर रेषेवर सरकते, मोठीचे १०४ मिमीवरच्या. काटकोन त्रिकोण काढला की दिसेल, कॅम फिरल्यावर केंद्राचे अंतर म्हणजे ९२ भागिले त्या कोनाचा कोसाइन. २५ अंशांचा कोसाइन ०.९०६३. म्हणून ९२ चे १०१.५ होतात आणि १०४ चे ११४.८. वजाबाकी करून पाहा. स्पर्शिका, स्पर्शवर्तुळे आणि कोसाइन, तिन्ही एका पुठ्ठ्यात.

नाकावर पोचल्यावर मात्र दोन्ही चकत्या सारख्याच, ३७ मिमी वर जातात. उचल सुरू होण्याचा कोनही तोच. म्हणजे मोठ्या चाकाने झडप जास्त उंच उघडत नाही, पण मधल्या सगळ्या वाटेवर ती अधिक उघडी असते. खऱ्या मापाच्या कॅमवर, म्हणजे याच्या चौथ्या हिश्श्यावर, मोठे चाक १ मिमीची उचल सुमारे एक अंश आधी गाठते. तो अंश कॅमचा, क्रँकचे झाले दोन. उतरताना तितकेच उशिरा. शर्यतीच्या इंजिनात दोन्हीकडचे दोन-दोन अंश हा थोडा बदल नव्हे. आणि ही भेट फुकटही नाही. उचलीच्या सुरुवातीचा धक्का १०४ ला ९२ या प्रमाणात, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. तो पुशरॉडला आणि रॉकरला सोसावा लागतो.

हालचाल तीच हवी असेल तर?

आता प्रश्न उलटा करू. झडपेची हालचाल आपण आधी ठरवली आणि चाक बदलले, तर कॅमचा आकार कसा बदलावा लागेल? इतिहासातही हा प्रश्न असाच उलटला. सुरुवातीचे कॅम कंपास आणि पट्टीने आखलेले असत. कंसांचे आणि सरळ रेषांचे. त्यातून झडपेला जी गती मिळेल ती मिळेल. १९४८ साली अमेरिकेत डब्ल्यू. एम. डडली यांनी झडपेला हवी ती गती आधी बहुपदीच्या रूपात मांडून, पुशरॉड-रॉकरचे दबणे जमेला धरून, त्यावरून कॅम काढण्याची पद्धत मांडली. अशा पद्धतीत चाकाची त्रिज्या कळल्याशिवाय कॅमची कड काढताच येत नाही. चाकाच्या केंद्राची वाट आधी ठरते, आणि तिच्यापासून सगळीकडे एका त्रिज्येचे अंतर सोडून कॅम आखला जातो.

आपल्याच कॅमच्या खऱ्या मापात, १५ मिमीचे पाया-वर्तुळ धरून, हिशोब पाहा. उचलीच्या सुरुवातीची तडफ सगळीकडे सारखीच ठेवायची आहे. चाकाची त्रिज्या ८ मिमी असेल तर बगल सरळ. चाक लहान करून ५ मिमी केले तर बगल आत दबलेली हवी, १३८ मिमी त्रिज्येने. चाक मोठे करून ११ मिमी केले तर बगल किंचित फुगीर, २१४ मिमी त्रिज्येची. आणि चाक वाढवत वाढवत अनंत मोठे केले तर? अनंत मोठ्या वर्तुळाची कड म्हणजे सरळ रेषा. म्हणजेच सपाट टॅपेट! त्याला ३८ मिमी त्रिज्येची चांगली फुगीर बगल लागते. सपाट टॅपेट आणि चाक या दोन वेगळ्या जाती नव्हेत, एकाच मालिकेतली ती दोन टोके आहेत. हे लक्षात आले तेव्हा मला शिक्षक म्हणून फार बरे वाटले.

नाकाचे याच्या उलट होते. हालचाल तीच ठेवून चाक मोठे केले की बगल भरत जाते, पण नाक टोकदार होत जाते. फार टोकदार नाकावर थोड्याशा जागेत सगळा भार येतो आणि ते झिजते. उलट मोठे चाक दाब पसरवते, संथ फिरते आणि टॅपेटला बाजूला कमी ढकलते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर कॅम ३००० घेतो. पाया-वर्तुळावर ८ मिमीचे चाक ५६२५ फेरे घेईल, ११ मिमीचे सुमारे ४०९०. एवढा फरक चाकातल्या सुयांसारख्या बेअरिंगांना पुष्कळ झाला.

हव्यास, भोक आणि घासचाक

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या गाड्या वेगवान करण्याचे वेड पसरले. एड इस्केन्डेरियन यांच्यासारखे तरुण छोट्या जागेत कॅम घासून विकू लागले. १९५० च्या सुमारास चेट हर्बर्ट यांनी मोटारींच्या व्ही-८ इंजिनांसाठी चाकाच्या टॅपेटचे कॅम आणले. हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींत चाके आधीपासून होतीच. सपाट टॅपेटची ती वेगमर्यादा चाकाने उठवली. चाकाचा स्पर्शबिंदू कडेबाहेर जाण्याचा प्रश्नच नाही.

मग चाक मोठ्यात मोठे का करू नये? पहिली अडचण भोकाची. टॅपेट ठोकळ्यातल्या भोकात वरखाली सरकते आणि चाक त्या भोकापेक्षा मोठे असून चालत नाही. शेवरोलेच्या नेहमीच्या व्ही-८ मध्ये टॅपेटचा व्यास ०.८४२ इंच, म्हणजे २१.४ मिमी. त्यात चाक साधारण पाऊण इंचाचे बसते. त्याहून मोठे हवे तर ठोकळ्यातले भोकच मोठे करायचे, आणि शर्यतीसाठीच्या खास ठोकळ्यांत तसे करतातही. शिवाय चाकाचे टॅपेट स्वतःभोवती फिरून चालत नाही. चाक आडवे झाले की सगळे मोडले. म्हणून दोन टॅपेट पट्टीने एकमेकांना बांधावी लागतात. सपाट टॅपेट फिरायलाच हवे आणि चाकाचे टॅपेट फिरताच कामा नये, ही एक गंमतच.

दुसरी अडचण घासचाकाची. कॅमला अखेरचा आकार घासचाकाने मिळतो, आणि अशी चाके साधारण दीड-दोन फूट व्यासाची असत. लहान चाकासाठी लागणारी १३८ मिमी त्रिज्येची दबलेली बगल त्याहून मोठ्या त्रिज्येच्या घासचाकाने घासताच येत नाही. वाटीच्या तळाला ताटाची कड लागत नाही, तसे. म्हणून एकतर घासचाक लहान करायचे, नाहीतर टॅपेटचे चाक मोठे करून बगल भरून घ्यायची. कॅमचा आकार ठरवणारे चाक असे दोन बाजूंनी आहे. एक त्यावर चालणारे, दुसरे त्याला घडवणारे.

ही चाके शर्यतीतून साध्या गाड्यांत आली ती मात्र वेगासाठी नव्हे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत गाड्यांच्या इंधनखर्चावर कायद्याने मर्यादा आली. कॅमशी होणारे घर्षण हा वाचवता येण्याजोगा खर्च होता. फोर्डच्या मस्टँगच्या व्ही-८ मध्ये १९८५ ला चाकाची टॅपेट आली, शेवरोलेच्या व्ही-८ मध्ये १९८७ ला. आज आपल्याकडच्या अनेक स्कूटर-मोटारसायकलींच्या रॉकरला चाक असते, तेही याच हिशोबाने. मुलाच्या हातातला रॉकर त्यातलाच.

माझे चुकलेले उत्तर

आता त्या प्रश्नाकडे येऊ. पद्मिनीच्या टॅपेटखाली चाक बसवले तर गाडी जास्त पळेल का?

पद्मिनीचा कॅम सपाट टॅपेटसाठी घासलेला असतो, म्हणून त्याची बगल फुगीर असते. उदाहरणासाठी आपलीच ३८ मिमीची फुगीर बगल घेऊ. सपाट टॅपेटखाली ही बगल २० अंश फिरल्यावर १.३९ मिमी उचल देते. त्याच बगलेवर ८ मिमी त्रिज्येचे चाक ठेवले तर त्याच २० अंशांवर उचल फक्त ०.७१ मिमी. जवळजवळ निम्मी! अनंत मोठ्या चाकासाठी घडवलेल्या कॅमवर आपण लहानसे चाक बसवले, मग झडप आळसावून उघडणारच. घर्षण थोडे वाचेल, पण इंजिनाला श्वासच पुरणार नाही. शिवाय चाकाचा भार अरुंद रेषेवर येतो. तो सोसायला कॅमचे पोलादही वेगळे लागते. थोडक्यात, चाक बदलायचे तर कॅमही बदलायला हवा. जोडी बदलायला हवी.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात सांगितले, "माझं उत्तर चुकलं होतं." वर्ग एकदम शांत झाला. मग पुठ्ठ्याचे कॅम कापले, चकत्या फिरवल्या, मोजले. फुगीर बगलेचा कॅम त्याच मुलाने आखला. त्याचा हात कंपासवर आमच्यापेक्षा स्थिर होता. मोजमाप झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे सर, मामा म्हणतो ते बरोबर. कॅम बदलला तर टॅपेट जुनी घालायची नाही." गॅरेजातला तो नियम झिजलेल्या तळांसाठी आहे, पण गाभा तोच. एक भाग एकटा बदलत नाही. रुलोंनी १८७५ मध्ये ग्रंथ लिहून सांगितलेले मामाला हाताने ठाऊक होते.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी नाही. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. त्या गाड्यांबरोबर टॅपेट घासणारे, फिलर गेजने झडपांची फट जुळवणारे हातही हळूहळू दुसऱ्या कामांना लागत आहेत. उद्या विजेच्या गाड्यांत कॅमच नसेल. मग हे शिकवायचे कशाला, असे कोणी विचारील.

माझे उत्तर असे, की आपल्या वर्गात अशी मुले आहेत जी दुपारी भूमितीत नापास होतात आणि संध्याकाळी तीच भूमिती हाताने करतात. दोन्ही एकच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पुठ्ठा, कात्री आणि दोन चकत्या घेऊन एका तासात ते दाखवता येते. पहिले उत्तर चुकले तर चुकले म्हणावे. तेवढे मात्र आपल्याला जमायला हवे.

तो तेलकट कॅमशाफ्ट आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. शेजारी दोन चकत्या ठेवल्या आहेत, एक लहान, एक मोठी.